हिंगोलीत बसून क्वांटम संगणकावर जॉब चालवायचा असेल तर

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. हिंगोलीत एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने विचारलंय: प्रकल्पासाठी पाण्याच्या टँकरच्या फेरीचा क्रम क्वांटम संगणकावर काढायचा आहे. लॅबमध्ये वीज जाते, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं. व्हिडिओ पाहून लिहिलेला कोड चालत नाही. एकदाचा जॉब (मशीनला दिलेलं काम) गेला तर तो रांगेत पडून राहिला, तेवढ्यात वीज गेली, पुन्हा पाठवला, आणि मोफत मिनिटं संपली. जे आकडे आले त्यांत सगळ्याच शक्यता थोड्या थोड्या दिसतात, अर्थ लागत नाही. हे इथून होण्यासारखं आहे, की पुण्या-मुंबईच्या एखाद्या संस्थेत जावं लागेल?

इथूनच होईल. पुण्याला गेलात तरी तिथला माणूस हेच करतो, लॅपटॉप उघडून क्लाउडवरच्या मशीनला जॉब पाठवतो. आयबीएमने २०१६ च्या मे महिन्यात पाच क्यूबिटचं (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट) मशीन क्लाउडवर सगळ्यांसाठी खुलं केलं, तेव्हापासून हे काम असंच चालतं. आपल्याकडेही २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेने आणि टीसीएसने मिळून सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी दाखवली, तेव्हा सर्किट, म्हणजे क्यूबिटवर करायच्या क्रियांची यादी, क्लाउडवरूनच पाठवलं आणि निकाल क्लाउडवरच परत आला. मशीनजवळ राहून काही जास्तीचं मिळत नाही. नेटचंही तसंच. सर्किट म्हणजे काही केबींचा मजकूर, तो टूजीवरही जाईल.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. तुमचा कोड जॉब पाठवतो आणि निकाल येईपर्यंत तिथेच थांबून राहतो. आपल्या भागात हा प्रकार चालायचाच नाही. पाठवणं आणि आणणं ही दोन स्वतंत्र कामं समजा, दोन स्वतंत्र फाइलींत लिहा. गिरणीत दळण टाकून आपण घरी येतो, पिठासाठी तिथे उभे राहत नाही, तसं. पहिल्या फाइलने सर्किट पाठवायचं, सर्व्हरने दिलेला जॉब आयडी लगेच डिस्कवर लिहायचा आणि बंद व्हायचं. दुसऱ्या फाइलने संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी तो आयडी वाचायचा, स्थिती विचारायची, पूर्ण झालं असेल तर निकाल उतरवून साठवायचा. मधल्या वेळात वीज जावो, हॉटस्पॉट तुटो, लॅब बंद होवो, जॉबला त्याचा पत्ताही नसतो. तो तिकडे रांगेत आहे आणि त्याची पाळी आली की चालणार आहे.

एपीआयच्या, म्हणजे प्रोग्रामने सर्व्हरशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीच्या, पातळीवर हे कसं दिसतं ते एकदा समजून घ्या, कारण किस्किट (आयबीएमची पायथन लायब्ररी) वापरलं तरी आत हेच घडतं. तुमच्या खात्याची एक एपीआय की असते. ती देऊन एक तात्पुरतं टोकन घ्यायचं, ते तासभर चालतं. मग त्या टोकनासह जॉबच्या पत्त्यावर एक पोस्ट (POST, माहिती पाठवणारी) विनंती करायची. तिच्यात कोणतं मशीन, कोणतं काम, म्हणजे सॅम्पलर (बिटमाळा मोजणारं) की एस्टिमेटर (सरासरी किंमत काढणारं), ओपनकॅझम या सर्किटच्या भाषेत लिहिलेलं सर्किट आणि किती शॉट (सर्किट किती वेळा चालवायचं) एवढंच असतं. सोबत तुमच्या इन्स्टन्सची (खात्यातल्या सेवेची) ओळख सांगणारा सीआरएन हा कोड हेडरमध्ये. उत्तरात जॉब आयडी येतो. पुढे त्या आयडीवर गेट (GET, माहिती मागणारी; क्वांटम गेटशी हिचा संबंध नाही) विनंती करून स्थिती विचारायची: रांगेत, चालू, पूर्ण, अयशस्वी किंवा रद्द. निकाल वेगळ्या पत्त्यावर मिळतो. रांगेत थांबलेला वेळ तुमच्या मिनिटांतून जात नाही, प्रोसेसर तुमच्या कामाला लागला तेवढाच वेळ मोजला जातो. त्यामुळे रांग लांब दिसली म्हणून घाबरून जॉब रद्द करू नका.

आता मिनिटं कशी संपली ते सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांचं इथेच नुकसान होतं. पोस्ट विनंती गेली, सर्व्हरने जॉब घेतला, पण उत्तर परत येताना नेट तुटलं. तुमच्या पडद्यावर टाइमआउट दिसतो आणि वाटतं की जॉब गेलाच नाही. तुम्ही पुन्हा पाठवता, तिसऱ्यांदा पाठवता, आणि तिकडे तिन्ही जॉब रांगेत लागलेले असतात. म्हणून पाठवताना प्रत्येक जॉबला स्वतःची खूण द्या, टॅगची सोय त्यासाठीच आहे. सर्किटचं नाव, तारीख आणि एक अनुक्रमांक पुरेसा. टाइमआउट आला की आधी त्या टॅगने आपल्या जॉबची यादी मागवायची. तिथे तो दिसला तर आयडी उचलायचा, नसेल तरच पुन्हा पाठवायचं. गेट विनंती कितीदाही केली तरी काही बिघडत नाही. पोस्ट मात्र डोळे झाकून पुन्हा करायची नसते.

सर्व्हर आकड्यांत सांगतो त्या बाकीच्या त्रुटी तशा सरळ असतात. ४०१ आलं तर टोकन संपलंय किंवा की चुकलीय. ४२९ म्हणजे तुम्ही फार भराभर विचारताय, थांबा, आणि दर वेळी थांबण्याचा वेळ दुप्पट करत जा. पाचशेच्या घरातला आकडा आला तर दोष तिकडचा. स्थिती दर सेकंदाला विचारण्यात काहीच अर्थ नाही. आणि रनटाइमच्या (जॉब पाठवणाऱ्या पॅकेजच्या) पर्यायांत जॉबचा जास्तीत जास्त वेळ ठरवता येतो, तो नेहमी ठरवून द्या. चुकून मोठं सर्किट गेलं तरी मशीन तेवढ्यावर थांबेल.

व्हिडिओतला कोड का चालत नाही? किस्किट १.० आवृत्ती २०२४ च्या फेब्रुवारीत आली आणि तिने ‘एक्झिक्यूट’ हे फंक्शनच काढून टाकलं. एर हा सिम्युलेटर (आपल्याच संगणकावर क्वांटम मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) वेगळं पॅकेज म्हणून घ्यावा लागतो. त्याच वर्षीच्या मार्चपासून मशीनला पाठवायचं सर्किट आधीच त्या मशीनच्या गेटांत (क्यूबिटवर करता येणाऱ्या मूळ क्रियांत) बसवलेलं असावं लागतं, नाहीतर ते नाकारलं जातं. २०२५ च्या जुलैत जुनं व्यासपीठ बंद होऊन सगळं आयबीएम क्लाउडच्या खात्यावर आलं, त्यामुळे जुन्या पद्धतीची टोकनंही गेली. तेव्हा २०२३ चा व्हिडिओ कितीही चांगला समजावलेला असला तरी त्यातला कोड उतरवून घेऊ नका. त्यातलं भौतिकशास्त्र घ्या, कोडसाठी अधिकृत दस्तऐवज उघडा.

एपीआय कीबद्दल एवढंच: कॉलेजच्या सामायिक संगणकावर खातं साठवण्याची आज्ञा देऊ नका. ती आज्ञा तुमची एपीआय की साध्या मजकुरात त्या संगणकाच्या डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या बॅचचं कुणीही ती वाचू शकतं. नोटबुक गिटहबवर टाकताना आत की राहिली नाही ना, तेही पाहा. राहिली असेल तर फाइल पुसून भागत नाही, की रद्द करून नवी घ्यावी लागते.

कोणाची सेवा घ्यावी? विद्यार्थ्यासाठी आयबीएमचा मोफत ओपन प्लॅन, दर २८ दिवसांत १० मिनिटं. ॲमेझॉन ब्रॅकेटवर आयनक्यू, रिगेटी अशा अनेक कंपन्यांची मशीनं एकाच दारातून मिळतात, पण तिथे प्रत्येक टास्कला ०.३० डॉलर आणि वर प्रत्येक शॉटचे वेगळे पैसे पडतात. निकाल तुमच्याच एस३ बकेटमध्ये (ॲमेझॉनच्या क्लाउडवरच्या साठवणीत) पडतो, तो हिशेब वेगळा ठेवावा लागतो. प्रकल्पाला अनुदान नसेल तर तिकडे जाऊ नका.

दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. ऐकायला फारच कमी वाटतं, पण हिशेब करून पाहा. आयबीएमच्या मशीनवर दोन शॉटांच्या मध्ये साधारण २५० मायक्रोसेकंद जातात. ४,०९६ शॉट म्हणजे जेमतेम एक सेकंद. मग मिनिटं जातात कुठे? प्रत्येक स्वतंत्र जॉबला चढवण्या-उतरवण्याचा वेगळा वेळ लागतो, तिथे. तुमच्या कोडमध्ये कोनाची (गेट क्यूबिटला किती फिरवतं त्याची) प्रत्येक नवी किंमत वेगळा जॉब म्हणून जाते आहे. तसं करायची गरज नाही. सर्किटमध्ये कोन चल म्हणून ठेवा आणि सगळ्या किमतींची यादी एकाच जॉबमध्ये द्या. दोन कोन, प्रत्येकाच्या १२ किमती, म्हणजे १४४ जोड्या. प्रत्येकी १,०२४ शॉट धरले तरी सगळं मिळून मशीनवर सुमारे ३७ सेकंदांचं काम होतं, आणि रांग एकदाच लागते. ओपन प्लॅनमध्ये सेशन मिळत नाही, म्हणजे मशीन स्वतःसाठी धरून ठेवून एकामागून एक जॉब पाठवण्याची सोय नाही. त्यामुळे ‘मशीनवर चालवा, निकाल पाहून कोन बदला, पुन्हा चालवा’ हा पुस्तकातला फेरा तुमच्यासाठी नाहीच. कोन लॅपटॉपवरच्या सिम्युलेटरवर शोधा आणि निवडक कोन मशीनवर तपासा.

सिम्युलेटरसाठी भारी संगणक लागतो हा समज काढून टाका. n क्यूबिटच्या अवस्थेत २ चा n वा घात इतके आकडे असतात, प्रत्येकाला १६ बाइट. ३० क्यूबिटला १६ जीबी मेमरी लागते, २८ ला ४ जीबी. तुमच्या सर्किटला नऊच क्यूबिट पुरणार आहेत (का ते पुढे सांगतो), आणि नऊ क्यूबिटला दहा केबीसुद्धा लागत नाही. लॅबमधला जुन्यात जुना संगणक चालेल. खऱ्या मशीनच्या गोंगाटाची (तिथे होणाऱ्या चुकांची) नक्कल करणारे बनावट बॅकएंडही (मशीनच्या प्रतिकृतीही) किस्किटच्या रनटाइम पॅकेजमध्ये आहेत, तेही नेटशिवाय चालतात. वीज असेल तेव्हा लॅपटॉप भरून घ्या, बाकी सगळं घरी बसून होतं.

आता टँकर. विषय तुम्ही मनापासून निवडलाय, आणि उन्हाळ्यात सेनगाव-औंढ्याकडच्या तांड्यांवर काय हाल असतात हे आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणूनच गणित मांडताना नीट मांडू. मोठ्या गावाला टँकरची एक खेप म्हणजे अधिग्रहण केलेल्या विहिरीवरून भरायचा, गावातल्या विहिरीत रिकामा करायचा, परत फिरायचं. तिथे क्रमाचा प्रश्नच येत नाही, कोणत्याही क्रमाने गेलं तरी अंतर तेवढंच. क्रम महत्त्वाचा होतो तो एकच टँकर तीन-चार वाड्या-तांड्यांना थोडं थोडं पाणी देत फिरतो तेव्हा. तुमच्या प्रस्तावात हे दोन्ही एकत्र झालंय. परीक्षक जिल्हा परिषदेचं काम जवळून पाहिलेला निघाला तर पहिला प्रश्न हाच येईल. प्रकल्प दुसऱ्या प्रकारावर करा.

नेहमीच्या मांडणीत n तांड्यांना n² क्यूबिट लागतात: कोणता तांडा, कितव्या क्रमांकावर, प्रत्येक जोडीला एक. दहा तांडे घेतले तर १०० क्यूबिट. आयबीएमच्या हेरॉन प्रोसेसरवर १५६ क्यूबिट आहेत, म्हणजे कागदावर बसतात. पण दहा तांड्यांचे क्रम एकूण ३६,२८,८०० आणि उलटसुलट सारखेच धरले तर त्याच्या निम्मे. हे सगळे क्रम तुमचा लॅपटॉप एकेक करून तपासू शकतो, आणि त्याला फार वेळही लागत नाही. तेव्हा ‘क्वांटममुळे टँकरचं नियोजन सुधारलं’ असं आज कुणाला म्हणता येणार नाही, प्रकल्पातही लिहू नका. तुम्हाला दाखवायचंय ते हे की प्रश्न सर्किटमध्ये कसा उतरतो, आणि आजचं मशीन त्यातलं किती टिकवून ठेवतं. हा पूर्ण प्रामाणिक आणि चांगला प्रकल्प आहे.

म्हणून तीन तांडे घ्या. विहीर सुरुवातीला आणि शेवटी ठरलेली, मध्ये तीन थांबे, नऊ क्यूबिट. एकूण बिटमाळा (शून्य-एकच्या ओळी) ५१२, त्यातल्या वैध क्रम दाखवणाऱ्या फक्त सहा. अंतर जाताना-येताना सारखं असेल तर एखादा क्रम आणि त्याचा उलटा क्रम यांचं उत्तर सारखंच, म्हणजे सर्वोत्तम उत्तर किमान दोन बिटमाळांत दिसायला हवं. हे हाताने तपासता येतं, आणि तपासता येणं हीच याची किंमत आहे.

या सर्किटच्या एका थरात (गेटांच्या एका फेरीत) किती गेट लागतात? एका तांड्याचे तीन क्रमांक आपसांत जोडायचे, एका क्रमांकाचे तीन तांडे आपसांत जोडायचे, असे ९ आणि ९. शिवाय लागोपाठच्या दोन क्रमांकांमधल्या अंतरासाठी १२. एकूण ३० जोड्या. नऊ क्यूबिटमध्ये शक्य जोड्याच ३६ असतात, म्हणजे जवळजवळ प्रत्येक क्यूबिट प्रत्येकाशी बोलतो. प्रत्येक जोडीला दोन दुहेरी गेट (दोन क्यूबिटवर एकदम चालणारे) धरले तर ६०. पण हेरॉनवर एका क्यूबिटला जास्तीत जास्त तीनच शेजारी आहेत. लांबच्या क्यूबिटशी बोलायला मध्ये स्वॅप (दोन क्यूबिटांच्या अवस्थांची अदलाबदल) घालावे लागतात आणि एका स्वॅपचे तीन दुहेरी गेट होतात. हे काम ट्रान्सपाइलर (सर्किट मशीनच्या गेटांत बसवणारा प्रोग्राम) करतो, लॅपटॉपवर, फुकट. पाठवण्याआधी त्याला वेगवेगळ्या सीडने (यादृच्छिक निवडीच्या सुरुवातीच्या आकड्याने) अनेकदा चालवा, दर वेळी दुहेरी गेट मोजा, सगळ्यात कमी येतील ते सर्किट ठेवा. निकालाचा दर्जा सुधारणारं याहून स्वस्त काम मला माहीत नाही, आणि बहुतेक विद्यार्थी नेमकं हेच करत नाहीत.

मोजायचं का, ते पाहा. एका दुहेरी गेटची चूक ०.३ टक्के धरली तर ६० गेटांनंतर सगळं सुरळीत राहण्याची शक्यता साधारण ०.८४. २०० गेटांना ती ०.५५ वर येते, १,००० गेटांना ०.०५ वर. वर नऊ क्यूबिट वाचताना होणाऱ्या चुका आहेतच. तुमच्या निकालात सगळ्याच माळा थोड्या थोड्या दिसत होत्या, याचं कारण हेच असण्याची शक्यता फार. ट्रान्सपाइल केलेल्या सर्किटची खोली (लागोपाठ किती थर होतात ते) तुम्ही पाहिली नव्हती असं प्रश्नावरून दिसतं. आयनवर (विद्युतभारित अणूंवर) चालणाऱ्या मशीनमध्ये प्रत्येक क्यूबिट प्रत्येकाशी थेट बोलतो, स्वॅप लागत नाहीत. पण ती संथ असतात आणि तिथे पैसे मोजावे लागतात.

निकाल वाचताना आधी बिटांची दिशा तपासा. किस्किटमध्ये शून्य क्रमांकाचा क्यूबिट उजव्या टोकाला असतो. ते उलटं वाचलं तर वैध क्रम अवैध दिसतो आणि सगळा अर्थच बिघडतो. थेट एपीआयवरून निकाल घेतलात तर शॉट सोळाच्या पायाने लिहिलेल्या आकड्यांत येतात, ते नऊ बिटांत उलगडताना डावीकडची शून्यं गळू देऊ नका. आणि पहिला जॉब टँकरचा पाठवूच नका. दोन क्यूबिटची बेल अवस्था (दोन्ही क्यूबिट एकमेकांशी बांधलेली) पाठवा: एक हॅडमार्ड गेट, एक सीनॉट गेट. फक्त ०० आणि ११ यायला हवेत. ०१ आणि १० किती येतात, तो त्या दिवशीच्या गोंगाटाचा अंदाज. यात खातं, की, टोकन, ट्रान्सपाइल, पाठवणं, आणणं ही सगळी साखळी तपासून होते, आणि खर्च काही सेकंदांचा.

मग टँकरच्या निकालावर एकच साधी कसोटी लावा. एकूण शॉटांपैकी वैध सहा माळांमध्ये किती पडले? नुसतं नाणं उडवलं असतं तरी ५१२ पैकी ६, म्हणजे सुमारे १.२ टक्के पडले असते. तुमचे १५ टक्के पडले तर मशीनने काहीतरी धरून ठेवलंय. दीड टक्का पडले तर गोंगाटच आलाय, आणि त्यातून ‘सर्वोत्तम मार्ग’ निवडून दाखवणं चुकीचं ठरेल. शॉटांमुळे येणारी अनिश्चितताही लिहा: १,०२४ शॉटांत निम्म्याच्या आसपासच्या शक्यतेवर साधारण १.६ टक्क्याची चूक असते, ४,०९६ केले तर ती निम्मी होते, म्हणजे चौपट शॉटांना अर्धी चूक. शॉट वाढवून गोंगाट मात्र कमी होत नाही. हे दोन वेगळे आजार आहेत आणि अहवालात ते वेगळे दाखवले तर कोणताही परीक्षक खूश होईल. बिनगोंगाटाचा सिम्युलेटर, गोंगाटाचा सिम्युलेटर आणि खरं मशीन, अशा तीन रकान्यांत हीच टक्केवारी मांडा.

परिशिष्टात प्रत्येक जॉबचा आयडी, मशीनचं नाव, तारीख-वेळ, ट्रान्सपाइलचा सीड, दुहेरी गेटांची संख्या आणि किस्किटची आवृत्ती टाका. मशीनची जुळवणी (कॅलिब्रेशन) वारंवार बदलते, सोमवारी चांगला असलेला क्यूबिट गुरुवारी खराब असू शकतो. त्यामुळे तारखेशिवाय दिलेला निकाल दुसऱ्याला पडताळता येत नाही. निकालाची मूळ फाइल स्वतःकडे ठेवा, क्लाउडवर ती कायम राहील असं धरून चालू नका.

आणि शेवटच्या २८ दिवसांतली सगळी मिनिटं सादरीकरणाच्या आधी संपवू नका. दोन-तीन मिनिटं राखून ठेवा. बाहेरून आलेले परीक्षक कधीकधी ‘हे आत्ता चालवून दाखवा’ म्हणतात. तेव्हा सकाळीच बेल अवस्थेचा जॉब पाठवून ठेवलेला असावा, आयडी हाताशी असावा, आणि त्यांच्यासमोर निकाल आणायची दुसरी फाइल चालवावी.